चढावरच्या दोन चिठ्ठ्या

माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाला आतून एक छोटा स्टिकर आहे. त्यावर ‘ऑक्टेन किमान ९१’ असं छापलंय. मी गाडी घेतली तेव्हा पंपावर साधं पेट्रोल ९१चंच मिळायचं. एवढं वाचून मी गप्प बसले असते तर पप्पांची शेवटची दीड-दोन वर्षं वेगळी गेली असती. पण गप्प बसणं मला जमत नाही. आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि ऐकायचं पप्पांचं, अशी वाटणी मी लहान होते तेव्हापासूनच होती.

ऐकणं हा तर त्यांचा पेशाच. विशी-बाविशीत सोलापूरहून दिल्लीला आले आणि एका सरकारी प्रयोगशाळेत लागले, ते थेट निवृत्तीपर्यंत. काम पेट्रोल तपासायचं. कुठलं पेट्रोल कुठल्या इंजिनाला मानवेल हे ठरवायला यंत्र होतं, पण यंत्राचा काटा बिघडला की बाहेरून सुटा भाग यायला महिनेच्या महिने जायचे. शिवाय रस्त्यावरच्या चाचण्यांना माणसाचा कानच लागायचा. जीप चढावर न्यायची, वरच्या गिअरमध्ये दमवायची आणि इंजिनात ‘नॉक’ होतो का ते ऐकायचं. नॉक म्हणजे पत्र्याच्या डब्यात मूठभर वाटाणे हलवल्यासारखा बारीक आवाज. बाकीच्या खडखडाटात तो तुम्हाआम्हाला कळत नाही. पप्पांना कळायचा. रस्त्यात शेजारून एखादी गाडी गेली तरी ते मान वळवून म्हणायचे, “याला हलकं पेट्रोल पडलंय.” मम्मी म्हणायची, “माझं बोलणं तेवढं ऐकू येत नाही यांना.”

हा कान घरीदारी सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. आम्ही मराठी ख्रिस्ती. दिल्लीतल्या आमच्यासारख्या दहा-बारा घरांची महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी कुणा एकाकडे मराठी उपासना असते. तिथे पेटी पप्पांची. गाणं सुरू होण्याआधी सूर तेच द्यायचे आणि कुणी वर चढलं की पेटीवरून नजर न उचलता भुवई उचलायचे. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर सुरू झाली की ते बाल्कनीत उभे राहून ऐकायचे. मग खाली जाऊन गार्डला सांगायचे, “बेअरिंग जा रहा है. महीने भर में बैठेगा.” आणि ते बसायचंच. लिफ्ट करकरली तर सोसायटीचे सेक्रेटरी आधी पप्पांना बोलवायचे आणि मग मेकॅनिकला फोन करायचे.

माझ्याबद्दलही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्या कामाच्या सवयीतून झालं. मी लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत फायलींवर टिपणं लिहिण्यात माझी अख्खी नोकरी गेली. या कामातली खरी कला अशी, की साहेबांना काय हवंय ते त्यांनी तोंड उघडण्याआधी ओळखायचं आणि तेच आपलं मत म्हणून नीट शब्दांत लिहायचं. मी त्यात तरबेज होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं की उचललं, एवढ्यावरून मला पूर्ण परिच्छेद सुचायचा. मला याचा अभिमानही होता, आता लाज वाटते.

मम्मी गेली आणि पप्पांचं बोलणं आटलं. आधीच कमी बोलणारा माणूस, तो आता दिवसाला चार-पाच शब्दांवर आला. “चहा झाला.” “पेपर आला.” बस. त्याच वर्षी मी गाडी घेतली. शोरूममधला माणूस मला बघून म्हणाला, “मैडम, आपके लिए छोटी वाली ठीक रहेगी, आराम से चलेगी.” मी पन्नाशी ओलांडलेली बाई, माझ्यासाठी काय ठीक राहील हे तो मला सांगणार? मी रागाच्या भरात टर्बोवाली लाल गाडी बुक केली. टर्बो म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं.

मग पेट्रोलचा घोळ सुरू झाला. आमच्या पंपावर एक पिकल्या मिशांचे गृहस्थ असतात, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “टर्बो में तो पंचानवे ही डालिए मैडम, सादे में इंजन बैठ जाएगा.” ऑफिसमधला एक जण म्हणाला की पंचाण्णवसुद्धा कमी आहे, शंभरवालं भरा. दुसऱ्याने दोघांनाही वेड्यात काढलं, किमान एक्याण्णव लिहिलंय ना, मग झालं. सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारायची चूक केली. तिथे दोन दिवस जुंपली. द्वारकेत राहणाऱ्या आपल्या मेहुण्याचा दाखला देऊन कुणीतरी सांगितलं की महाग पेट्रोल ही निव्वळ फसवाफसवी आहे.

रविवारी जेवताना मी सहज म्हणाले, “पप्पा, माझ्या गाडीला कुठलं पेट्रोल घालू?”

त्यांनी हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. एवढे दिवस घरात असूनही नसलेला माणूस त्या क्षणी परत आला, असं मला वाटलं.

“ऑक्टेन म्हणजे ताकद, असं सगळे समजतात,” ते म्हणाले. “ताकद नाही, दम. ठिणगी पडेपर्यंत पेट्रोलने दम धरायचा असतो. आत दाब वाढतो, उष्णता वाढते. कमी दमाचं पेट्रोल ठिणगीची वाट न बघता एका कोपऱ्यात आपोआप पेट घेतं. तो दणका म्हणजे नॉक. फार झाला तर पिस्टनला भोक पाडतो.”

“आणि टर्बो?”

“टर्बो बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. म्हणजे दाब आणखी वाढला. दमही जास्त हवा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझ्यासारखीने टर्बो घ्यायलाच नको होता.”

कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझी थट्टा केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लोणच्याच्या नावावर खपवलं.

“मग पंचाण्णव भरू ना?”

“असं कसं सांगू? गाडी ऐकल्याशिवाय?”

दुसऱ्या दिवसापासून घरात प्रयोगशाळा लागली. पप्पांनी कोऱ्या कागदाच्या पट्टी लावून एकसारख्या चिठ्ठ्या कापल्या. तीन रविवार ठरवले. पहिल्या रविवारी एक्याण्णव, मग पंचाण्णव, मग शंभर. रस्ता त्यांचा जुनाच, गुडगावहून फरिदाबादला जाणारा, अरवलीच्या टेकड्यांतून चढणारा. तरुणपणी ते जीप घेऊन तिथेच जायचे, कारण दिल्ली सपाट आणि तिच्या जवळपास दमवणारा चढ तेवढाच. मे महिना हवा होता, तो होताच. गाडी चांगली तापलेली हवी, एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि जिथे खडक कापून रस्ता काढलाय तिथे डावीकडून जायचं, म्हणजे इंजिनाचा आवाज खडकावर आपटून परत येतो. हे सगळं ते मला सकाळ-संध्याकाळ सांगत होते.

“हल्लीच्या गाड्यांत सेन्सर असतो म्हणे,” एकदा ते म्हणाले. “तोच नॉक ऐकतो आणि ठिणगी मागे सारतो, म्हणजे जरा उशिरा पाडतो. बघू, आधी कोण ऐकतो, तो की मी.”

चिठ्ठ्यांचा नियम त्यांनी मला दोन-तीनदा समजावला. चिठ्ठी आधी, बोलणं नंतर. गाडीत ऐकणारे दोघं असायचे. चढावर एकमेकांकडे बघायचं नाही, तोंड उघडायचं नाही. वर पोचलं की दोघांनी आपापली चिठ्ठी लिहून घडी घालायची आणि तिसऱ्या माणसाने उघडायची. एकदा उघडलेली चिठ्ठी बदलायची नाही. नंतर कुणी कितीही म्हणालं, की मला तसं म्हणायचं नव्हतं, तरी जे लिहिलं तेच नोंदवहीत जायचं.

“आणि दोन चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर?” मी विचारलं.

“ज्याने ऐकलं त्याचं धरायचं. नसलेला आवाज कुणी कशाला लिहील?” ते म्हणाले. मग त्यांनी त्यांच्या वरिष्ठांची गोष्ट सांगितली. पप्पांना ऐकायला ज्यांनी शिकवलं ते साहेब. एके दिवशी चढावर पप्पांनी ‘आहे’ लिहिलं आणि साहेबांनी ‘नाही’. दुसऱ्या दिवशी ते कागदपत्रांच्या टेबलावर जाऊन बसले आणि परत कधी गाडीत चढले नाहीत.

“एका चिठ्ठीवरून?”

“एका. कान गेला की तो आपला आपल्याला कळत नाही. जे ऐकू येत नाही ते येत नाही, हे कसं कळणार? दुसऱ्याच्या चिठ्ठीवरूनच कळतं.” मग म्हणाले, “मोठा माणूस. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.”

मी हे सगळं अर्ध्या कानाने ऐकत होते. मनात रविवारी सोबत काय खायला न्यायचं ते चाललं होतं.

तो रविवार मला मिनिटामिनिटासकट आठवतो. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या. साध्या पेट्रोलवर गाडी आणली होतीच. सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन रणरणत होतं. चढ सुरू झाला तशी मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी वरच्या गिअरमध्ये घेतली, वेग कमी ठेवला आणि पाय पूर्ण दाबला. गाडी घुसमटल्यासारखी गुरगुरली. खडकाची भिंत डावीकडून सरकायला लागली. पप्पा खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून बसले होते. ऐंशीचं वय, पण पाठ ताठ.

मला काहीही ऐकू येत नव्हतं. म्हणजे इंजिन ऐकू येत होतं, वारा ऐकू येत होता, मागून हॉर्न देणारा ट्रक ऐकू येत होता. वाटाण्यांचा डबा कुठेच नव्हता. मी त्यांच्याकडे एकदा चोरून बघितलं. बघायचं नाही हा नियम मी असा पहिल्याच मिनिटाला मोडला. आणि त्याच वेळी पप्पांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

मला वाटलं, त्यांना आला आवाज. इतक्या वर्षांनी, या वयात, त्यांना नॉक ऐकू आला आणि माझ्या बधिर कानांना काही कळलं नाही. मला इतका आनंद झाला की पाय थोडा ढिला पडला.

वर एक चहाची टपरी आहे. तिथला चहावाला, पांढऱ्या मिशांचा, गळ्यात गमछा. पप्पांनी त्याला तिसरा माणूस नेमलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून लिहायला बसलो. मी पेन उचललं आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. साहेबांचं मत काय ते मला कळलं होतं. मी ‘हो’ लिहिलं. मग नुसतं ‘हो’ कोरडं वाटलं, टिपणाला जरा वजन हवं, म्हणून पुढे ‘हलका’ असं जोडलं. घडी घातली.

चहावाल्याने हात पुसून चिठ्ठ्या उघडल्या आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचलं. “इसमें लिखा है, हो, हलका. और इसमें, नाही.”

पप्पांनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन बघितल्या. माझं अक्षर, त्यांचं अक्षर. चहा आला, तो त्यांनी हातात धरला आणि तसाच ठेवला.

“पप्पा, तसं मला नक्की नव्हतं,” मी म्हणाले. “म्हणजे असं आपलं वाटलं...”

“वाटलं म्हणून कुणी ‘हलका’ लिहीत नाही,” ते म्हणाले. “हलका लिहायला नीट ऐकावं लागतं.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी खोटं लिहिलं, मला काही ऐकू आलं नाही, तुमचं बोट बघून लिहिलं, एवढी तीन वाक्यं. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक चिठ्ठी खोटी लिहिली नाही, त्याला त्याच्या मुलीने पहिलीच चिठ्ठी खोटी लिहिली असं सांगायचं मला जिवावर आलं. मला माझी लाज वाचवायची होती. ती मी वाचवली.

“पंचाण्णव भरत जा,” ते उठत म्हणाले. “एक्याण्णववर नॉक आहे. पुढच्या दोन रविवारांची आता गरज नाही.”

परत येताना धौला कुआँच्या पुढे मी धीर करून विचारलं, “पप्पा, चढावर बोट का वर केलं होतं?”

“तू माझ्याकडे बघितलंस. आता बोलणार असं वाटलं. गप्प बस म्हणून.”

मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, उलट त्यांना बरंच वाटलं असावं.

त्यानंतर जे झालं ते एकदम झालं नाही, म्हणून मला ते कळायला वेळ लागला. आधी मोटर. एका सकाळी गार्ड वर आला, “अंकल जी, मोटर की आवाज़ सुन लो ज़रा.” पप्पा म्हणाले, “मुझसे मत पूछो भाई, मेरा अब भरोसा नहीं.” गार्डला ती थट्टा वाटली. मग जूनची उपासना आमच्याच घरी होती. पप्पांनी पेटी काढून, पुसून दिली आणि गुडगावहून येणाऱ्या एका बाईंसमोर ठेवली. “तुम्ही घ्या. मला सूर लागलाय की नाही ते हल्ली कळत नाही.” सगळे नको नको म्हणाले. ते मागे खुर्चीवर बसले आणि गाताना नुसते ओठ हलवत राहिले. सूर खरोखरच वर गेला होता, मलाही कळत होतं. पप्पांची भुवई उचलली गेली आणि मग त्यांनी स्वतःच ती खाली आणली. ते बघून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पावसाळ्याच्या सुमाराला त्यांनी सकाळचं फिरणं सोडलं. मी चिडले. मला चिडायला कारण लागत नाही आणि घाबरले की मी हमखास चिडते. “अच्छे भले आहात, घरात का बसून राहता?” तर म्हणाले, “मागून गाडी आली तर मला ऐकू येणार नाही. उगाच कुणाच्या तरी डोक्याला ताप.”

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हेडफोन लावून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाल्या, “उम्र के हिसाब से बहुत बढ़िया है, अंकल.” मला वाटलं, सुटले. गाडीत बसल्यावर पप्पा म्हणाले, “वयाच्या हिशेबाने म्हणाल्या त्या.” कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. चहाच्या वेळी ठरवायचे, मग जेवणाच्या वेळी, मग रविवारी. माझ्यासारखी बडबडी बाई, जिला लिफ्टमध्येही गप्प राहवत नाही, ती एवढं एक वाक्य जवळजवळ वर्षभर बोलली नाही.

पुढच्या मे महिन्यात मी ठरवलं की नुसतं सांगायचं नाही, पुराव्यानिशी सांगायचं. पुन्हा फायलीवाल्याचीच बुद्धी. टाकी रिकामी होत आली तेव्हा साधं एक्याण्णव भरलं. मानेसरजवळ एक मेकॅनिक आहे, स्वतःचं छोटं गॅरेज चालवणारा, आधी गाड्यांच्या कारखान्यात होता. त्याला शेजारी बसवलं. त्याने गाडीला लॅपटॉप जोडला आणि आम्ही तोच चढ, त्याच उन्हात, त्याच गिअरमध्ये चढलो. दोनदा. वर आल्यावर त्याने पडद्यावरची रेघ दाखवली. “देखिए, सेंसर ने स्पार्क थोड़ा पीछे किया है, बस. कान से सुनाई दे, ऐसा कुछ हुआ ही नहीं.” मी त्याच्याकडून तो कागद छापून घेतला. पप्पांचं ‘नाही’ बरोबर होतं. ऐंशीव्या वर्षी, उघड्या खिडकीतून, मागे ट्रक असताना त्यांनी जे लिहिलं ते लॅपटॉपनेही तसंच सांगितलं.

पप्पा तेव्हा बहुतेक वेळ पलंगावर असायचे. फिरणं थांबल्यापासून पायांतलं बळ गेलं होतं. दुपारची वेळ होती, कूलर चालू होता, तो मी बंद केला. त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. बोट, चिठ्ठी, ‘हलका’, सगळं. सांगताना रडले. कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, व्यवस्थित, वरपासून खालपर्यंत. मग माझ्या हातावर थोपटलं.

“तू लहानपणीही अशीच होतीस,” ते म्हणाले. “कुणाला वाईट वाटलेलं तुला बघवत नाही.”

“पप्पा, मी खरं सांगतेय. मी खोटं लिहिलं होतं.”

“असू दे गं.”

“असू दे काय? तुमचा कान चांगला आहे. तेव्हाही होता. तो कागद बघा ना.”

“बघितला. सेन्सर वेगळं ऐकतो, माणूस वेगळं ऐकतो. आणि पेट्रोलही त्या दिवशीचं वेगळं, आजचं वेगळं.” ते भिंतीकडे बघत होते. “तुला आमच्या साहेबांचं सांगितलं होतं ना? ते टेबलावर जाऊन बसले, त्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. म्हणालो, साहेब, माझीच चूक झाली, मला नॉक ऐकू आला नव्हता, उगाच लिहिलं.”

“मग?”

“त्यांनी माझ्या हातावर असंच थोपटलं.”

“आणि पप्पा, तुम्हाला खरंच ऐकू आला नव्हता?”

“आला होता की. चांगला स्पष्ट आला होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणालो.” ते हसले. मग डोळे मिटून म्हणाले, “चिठ्ठी आधी, बोलणं नंतर. उठ, चहा टाक.”

मी उठून चहा टाकला. दुसरं काय करणार? माझ्याकडे आणखी कुठला पुरावा नव्हता आणि असता तरी तो नंतरचाच असता. त्यानंतर मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी तसंच थोपटलं. मी जितकं कळवळून सांगायचे तितकं त्यांना ते अधिक खोटं वाटायचं, आणि त्याचं त्यांना कौतुकही वाटायचं. ते कौतुक मला सहन व्हायचं नाही.

त्या हिवाळ्यात ते गेले. छाती भरली आणि आठवड्याभरात संपलं. शेवटच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून उपासनेतले आम्ही सगळे गात होतो. त्यांनी डोळे उघडून मला खुणेने विचारलं, सूर बरोबर आहे ना? मी मान हलवली. तो बरोबर नव्हता. तिथेही मी खोटंच सांगितलं.

त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी पंचाण्णवच भरत राहिले. आता तर साध्या पेट्रोलमध्येच इथेनॉल इतकं मिसळतात की त्याचाच आकडा पंचाण्णवपर्यंत गेलाय म्हणे. पंपावरचे ते मिशीवाले गृहस्थच मला सांगतात, “मैडम, अब तो सादा ही डलवा लो, वही नंबर है.” मी म्हणते, “पता है. आप महंगा वाला ही डालिए.” गाडीला त्याची गरज नव्हती, पहिल्या दिवसापासून नव्हती. पण पप्पांनी दिलेला तो शेवटचा निकाल आहे.

यंदा मे महिन्यात एका रविवारी मी पुन्हा त्या चढावर गेले. आता पेट्रोलच वेगळं, त्यामुळे चाचणी म्हणून त्याला काही अर्थ नव्हता, हे मला कळत होतं. तरी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, पाय दाबला आणि पूर्ण चढभर तोंड मिटून राहिले. शेजारच्या सीटकडे बघितलं नाही. काही ऐकू आलं नाही. वर टपरीवर जाऊन बसले, पप्पांनी कापून ठेवलेल्या चिठ्ठ्यांतली एक काढली, तिच्यावर ‘नाही’ लिहिलं आणि घडी घालून चहावाल्याला दिली.

त्याने मला ओळखलं. “बाबूजी नहीं आए? दूसरी पर्ची?”

मी पर्समधून पप्पांची त्या रविवारची, जपून ठेवलेली चिठ्ठी काढून त्याला दिली. घडीवर ती आता विरत आली आहे. त्याने हात पुसले आणि दोन्ही चिठ्ठ्या उघडून मोठ्याने वाचल्या.

“आज तो दोनों में एक ही लिखा है, मैडम,” तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता.